कंपायलरवर आळ घेणाऱ्या देवरे मॅडम

देवरे मॅडमना माणसं मोजायला सांगू नये, हे आमच्या कंपनीला एका सहलीत कळलं. सापुताऱ्याहून परत निघताना पाटणकर साहेबांनी त्यांना बसमधली डोकी मोजायला सांगितली. जाताना आम्ही वीस जण होतो. मॅडमनी पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत बोट फिरवलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, एकोणीस. मग अर्धा तास आम्ही ते विसावं माणूस शोधत होतो. कोणी तळ्याकाठी जाऊन आलं, कोणी चहाच्या टपऱ्या पालथ्या घातल्या, कोणाचं नाव घेऊन हाका मारायच्या हेच कोणाला ठरवता येईना. शेवटी सगळे हात हलवत परत आले आणि वैतागलेल्या ड्रायव्हरने स्वतः मोजलं, तर वीस भरले. मॅडमनी पहिल्या सीटवर बसलेल्या साहेबांना शून्य धरलं होतं.

त्यांच्या धंद्यात पहिल्या जागेचा नंबर शून्यच असतो. मॅडम इतकी वर्षं तसं मोजत आल्या होत्या की एकापासून मोजायचं म्हटलं की त्यांना आधी विचार करावा लागे. साहेब त्या दिवशी हसले खरे, पण पुढच्या सहलीला त्यांनी मागची सीट धरली.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या एका शेडमध्ये आमची कंपनी होती. आम्ही इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचो. काट्याच्या पोटात एक चिप, चिपमध्ये प्रोग्राम, आणि तो प्रोग्राम लिहिणाऱ्या देवरे मॅडम. मी शेख, सर्व्हिस इंजिनियर. जुन्या नाशकातून स्कूटरला किक मारायची, बॅगेत मीटर आणि स्क्रू-ड्रायव्हर टाकायचे आणि ज्याचा काटा रुसला असेल त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे माझं काम. प्रोग्राममधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. आज जे थोडंफार कळतं ते सगळं मॅडमच्या टेबलाशेजारी चहा पीत उभं राहून मिळालेलं आहे, आणि तो चहाही बहुतेक वेळा त्यांचाच असायचा.

मॅडम सटाण्याकडच्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. कामाला बसल्या की चपला टेबलाखाली काढून ठेवायच्या. यजमान शाळेत शिकवतात आणि मुलगी कॉलेजात आहे, यापलीकडे त्यांच्या घरचं आम्हाला फारसं माहीत नव्हतं. माणसांशी बोलताना त्यांची भाषा अगदी पुस्तकी नसली तरी शहरी असे. कॉम्प्युटरशी बोलताना मात्र त्या सरळ अहिराणीवर उतरत. "काय करी राहिना रे तू?" असं त्यांच्या केबिनमधून ऐकू आलं की प्रोग्राम अडलाय हे शेडच्या दुसऱ्या टोकाला वेल्डिंग करणाऱ्यालाही कळायचं. आवाज चढत चढत "तुनी चूक शे" इथपर्यंत आला, की थोड्या वेळाने खालच्या सुरात ऐकू येई, "नही भाऊ, मनीच," म्हणजे चूक माझीच.

त्या चिपच्या डोक्यात जागा फार थोडी होती. मॅडम म्हणायच्या, एका पोस्टकार्डावर मावेल तेवढंच हिला एका वेळी आठवतं. त्यात वजन, तारीख, मालाचं नाव, मालकाचं नाव, सगळं बसवायचं. आकड्यांचं काही वाटत नाही, ते शहाणे असतात, चार खणांत गप्प बसतात, असं त्यांचं मत. खरा त्रास नावांचा. कोणी मोरे असतो, कोणी ज्ञानेश्वरदास पुरुषोत्तमदास आणि कंपनी. नावं कापायची, जोडायची, त्यांतल्या रिकाम्या जागा काढायच्या, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायची, यासाठी त्यांनी स्वतःची लहान लहान फंक्शनं, म्हणजे एकेक काम करणारे प्रोग्रामचे तुकडे, लिहून ठेवली होती आणि त्यांना मराठी नावं दिली होती. कापणाऱ्याचं नाव काप. पुढच्यामागच्या रिकाम्या जागा काढून टाकणाऱ्याचं नाव पाखड. एकेक अक्षर सुटं करणाऱ्याचं नाव सोल. कॉपी करणारं जे होतं त्याचं नाव मोजून_घे, आणि ते वापरताना किती जागा आहे हे सांगितल्याशिवाय ते काम करायचंच नाही. नवीन प्रोग्रामर आला की मॅडम त्याला आधी ही यादी देत. पुण्याहून आलेल्या एका मुलीने विचारलं होतं, हे प्रोग्रामिंग आहे की स्वयंपाक. मॅडम म्हणाल्या, दोन्हीकडे मोजून घेतलं नाही की उतू जातं.

हे त्या कोणत्या अनुभवावरून बोलत होत्या ते सांगायला हवं. सिन्नरला आम्ही एक ट्रकचा काटा बसवला होता, आणि तो प्रोग्राम मॅडमनी नव्हे, त्या सुट्टीवर असताना नितीन नावाच्या आमच्या एका हुशार गृहस्थाने लिहिला होता. त्याने न मोजता कॉपी केली. दोन महिने काटा झकास चालला. मग एके दिवशी एक ट्रान्सपोर्टवाला आला, त्याच्या कंपनीचं नाव इतकं लांब की नावाची जागा संपली तरी नाव संपेना. उरलेली अक्षरं शेजारच्या वजनाच्या जागेत घुसली आणि रिकाम्या ट्रकचं वजन काट्यावर एवढं आलं की काटेवाल्याने खाली वाकून ट्रकखाली कोणी लपलंय का ते पाहिलं. नितीनला वाटलं, आता काही आपलं खरं नाही. मॅडमनी मात्र त्याला समोर बसवून इतकंच सांगितलं की दहा अक्षरांच्या नावाला अकरा खण ठेवायचे, कारण नाव संपलं हे सांगणारं एक न दिसणारं शून्य शेवटी येऊन बसतं आणि त्यालाही जागा लागते. मग त्या हसायला लागल्या. ट्रकखाली वाकलेला काटेवाला त्यांना दिवसभर आठवत होता आणि दिवसभर त्या मधूनच एकट्या हसत होत्या.

दुसऱ्याच्या चुकीवर त्या रागावल्याचं मला आठवत नाही. चुका त्यांना मनापासून आवडत, डॉक्टरला एखादा अवघड आजार आवडावा तशा. त्यांच्याकडे एक लांबट वही होती, तिच्यात फक्त स्वतःच्या चुका लिहिलेल्या. दुसऱ्याच्या लिहायच्या नाहीत, तो आगाऊपणा होतो, असं त्या म्हणत.

आता कंपायलरचं सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. माणूस प्रोग्राम लिहितो तो एका भाषेत, आणि चिपला कळते भलतीच भाषा. मधला दुभाषा म्हणजे कंपायलर. तो आम्ही परदेशातल्या एका कंपनीकडून विकत घेतलेला होता. प्रोग्राम चालला नाही की प्रत्येक नवशिक्या प्रोग्रामरला एकदा तरी वाटतं, मी बरोबर लिहिलं होतं, या दुभाष्याने घोळ घातला. मॅडमनी यावर एक रिवाज पाडला होता. कंपायलरवर आळ घ्यायचा असेल तर आधी सात वेगवेगळ्या बाजूंनी आपलीच चूक शोधायची. तरीही सापडली नाही तर सगळ्यांसमोर म्हणायचं, कंपायलर चुकलाय. आणि तो आळ खोटा निघाला तर म्हणणाऱ्याने सबंध ऑफिसला मिसळ खाऊ घालायची. त्या रिवाजापायी आम्ही वर्षानुवर्षं भरपूर मिसळ खाल्ली. नितीनने एकट्याने तीनदा दिली. कंपायलर एकदाही चुकलेला निघाला नाही आणि मॅडमनी स्वतः त्याच्यावर एकदाही आळ घेतला नव्हता.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीजवळच्या एका पॅकहाउसला आम्ही लेबल छापणारे चार काटे दिले होते. बाई पेटी काट्यावर ठेवते, बागायतदाराचा नंबर दाबते, काटा वजन घेतो, नंबरावरून नाव शोधतो आणि लेबल छापून देतो. पेटी परदेशी जायची असल्यामुळे त्या नावाला फार महत्त्व. तिकडे एका पेटीत जरी काही खोट निघाली तरी लेबलवरून थेट बागेपर्यंत माग काढत येतात.

हंगाम भरात असताना पॅकहाउसचे मॅनेजर बोरस्ते यांचा फोन आला. तीन नंबरच्या काट्यावर लेबलं चुकत होती. वजन बरोबर, नाव दुसऱ्याचंच. मी गेलो. तीन नंबरच्या काट्यावर कमल गांगुर्डे नावाची बाई होती, पस्तिशीची, हडकुळी. ती भिंतीला लागून उभी होती. मी मशीन उघडलं, वायरी पाहिल्या, वीस पेट्या स्वतः ठेवून वीस लेबलं काढली. वीसही बरोबर आली. बोरस्ते म्हणाले की बाकीच्या तीन काट्यांवर अशी एकही चूक नाही, आणि चुकलेल्या पेट्यांवर गांगुर्डे हे नाव आलंय, आणि गांगुर्डे म्हणजे या बाईचा सख्खा दीर. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, पण आजूबाजूच्या बायकांनी ते मनात पुरं केलेलं दिसत होतं. दुसऱ्यांचा चांगला माल ही दिराच्या नावावर चढवते, असा त्याचा अर्थ.

मी फॉर्म भरला. मशीन ठीक. चूक ऑपरेटरची. खाली सही केली, एक प्रत बोरस्त्यांना दिली आणि जेवायच्या वेळेला नाशकात परत आलो. हे लिहितानाही मला लाज वाटते. त्या फॉर्मवर तशी चौकटच छापलेली होती आणि तिच्यात खूण करायची आमच्या हाताला सवय झाली होती. कमलबाईला त्याच दिवशी काट्यावरून काढून क्रेट धुवायला लावलं. दीर-भावजयीचं बोलणं बंद झालं, कारण दिराच्याही मालाकडे लोक संशयाने बघू लागले.

मॅडम आठवड्यातून एकदा माझे फॉर्म वाचत. ते काही त्यांचं काम नव्हतं, पण त्या वाचत. शनिवारी त्यांनी मला बोलावलं आणि तपासणी कोणाच्या हाताने केली ते विचारलं. मी म्हणालो, माझ्या. त्या बाईच्या हाताने का नाही, असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी बोरस्त्यांना फोन करून पेट्यांची नोंदवही आणि चुकलेली सगळी लेबलं मागवली, फक्त गांगुर्डे नावाची नव्हेत. चुकलेली लेबलं अकरा निघाली. त्यांतली गांगुर्डेंची तीन. बाकीची आठ मोरे, जाधव, पठाण अशा कोणाकोणाच्या नावांची होती आणि ती कोणी नीट पाहिलीच नव्हती. शिवाय नोंदवहीप्रमाणे प्रत्येक चुकीच्या लेबलवर जे नाव होतं ते त्याच्यानंतरच्या पेटीवाल्याचं होतं. मॅडमनी ती लेबलं टेबलावर ओळीने लावली आणि सोमवारसाठी जीप सांगून ठेवली.

सोमवारी आम्ही दोघं कंपनीच्या जीपने दिंडोरीला गेलो. मॅडमनी बोरस्त्यांकडे एका तासासाठी कमलबाई मागितली. बोरस्त्यांना ते मुळीच पटलं नाही. "अहो मॅडम, तुमच्याच माणसानं लिहून दिलंय मशीन ठीक हाय म्हणून," असं ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. मी दाराच्या चौकटीकडे पाहत राहिलो. मॅडम म्हणाल्या, माझ्याच माणसाची चूक तपासायला आलेय.

कमलबाई ओल्या हातांनी आली. हात पुसून काट्याशी उभी राहिली आणि पेट्या ठेवू लागली. एक पेटी ठेवायची, नंबर दाबायचा, लेबल येईपर्यंत थांबायचं, आकड्यांपलीकडे वाचता येत नव्हतं तरी ते उलटसुलट करून निरखायचं, मगच दुसरी पेटी. चाळीस पेट्या झाल्या, सगळी लेबलं बरोबर. बोरस्ते घड्याळ बघायला लागले.

मॅडमनी तिला विचारलं, "कमलताई, तुम्ही नेहमी असंच करता?"

"नाय मॅडम. माझा हात लय चालायचा. पर आता भ्या वाटतं."

"मला तुमचा नेहमीचा हात बघायचाय."

"आन् चूक झाली तर? पुन्यांदा माझ्यावरच यील ना."

"नाही येणार. ती चूक मला पाहिजे, तिच्यासाठीच मी आलेय."

कमलबाईने एकदा बोरस्त्यांकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. मग तिचा हात हळूहळू सुटत गेला. थोड्या वेळाने ती मागच्या पेटीचं लेबल छापून होत असतानाच पुढच्या पेटीचा नंबर दाबायला लागली. डाव्या हाताने लेबल, उजव्या हाताने पेटी, मध्ये थांबणं नाही. इतका जलद हात त्या पॅकहाउसमध्ये दुसऱ्या कोणाचाच नव्हता, आणि माझा तर नव्हताच. सतराव्या पेटीला पठाणांच्या द्राक्षांवर जाधवांचं नाव आलं. कमलबाईला ते कोणाकडून वाचून घ्यायचीही गरज पडली नाही, आमच्या तोंडांवरून तिला कळलं आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली. आणि त्याच वेळी मॅडम ते लेबल उजेडाकडे धरून हसत होत्या. दोन मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं. त्या तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, तुमच्यामुळे सापडली हो. तिला काही कळलं नाही, पण ती रडायची थांबली.

परत आल्यावर मॅडमनी कंपायलरने केलेलं भाषांतर छापून घेतलं. हिरव्या पट्ट्यांचा तो जोडकागद त्यांनी केबिनभर जमिनीवर पसरला आणि अनवाणी पायांनी त्याच्यावरून फिरत पेन्सिलीने खुणा करत राहिल्या. डबाही तिथेच बसून खाल्ला. त्यांच्या महत्त्वाच्या कागदांवर मिरचीच्या ठेच्याचे डाग असतच. अहिराणी मात्र या वेळी ऐकू आली नाही. तीन दिवस त्या सातही बाजूंनी स्वतःची चूक शोधत होत्या. चौथ्या दिवशी चहाच्या वेळेला त्या बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कंपायलर चुकलाय."

नितीनने सवयीने किती प्लेटी लागतील ते मोजायला सुरुवात केली होती, त्याचं बोट हवेतच राहिलं.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं ते मलाही कळलं. लग्नघरी पाट कमी असले की पहिली पंगत उठल्यावर त्याच पाटांवर दुसरी पंगत बसवतात. चिपमध्ये जागा कमी, म्हणून कंपायलरही तेच करतो. ज्या दोन गोष्टी एका वेळी लागणार नाहीत असं त्याला वाटतं, त्यांना तो एकच जागा देतो. छापायचं नाव आणि नव्याने शोधलेलं नाव यांना मॅडमनी दोन वेगळ्या जागा मागितल्या होत्या. कंपायलरचा हिशेब चुकला आणि त्याने दोघांना एकच पाट दिला. बाई सावकाश काम करत असली तर पहिला पाहुणा जेवून उठलेला असायचा. कमलबाईच्या हाताला मात्र पहिला अजून भातावर असतानाच दुसरा येऊन बसायचा. बाकीच्या तिघींच्या काट्यांतही तीच चूक होती, फक्त त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता.

पाटणकर साहेबांनी लगेच तोड सुचवली. लेबल पूर्ण बाहेर येईपर्यंत काट्याने पुढचा नंबर घ्यायचाच नाही, दोन ओळींचं काम. व्यवहारी माणसाची तोड होती आणि चाललीही असती. मॅडम म्हणाल्या, चूक दुभाष्याची आणि हात हळू करायचा त्या बाईचा, हे मी लिहिणार नाही. त्यांनी तेवढा भाग कंपायलरला हातच न लावू देता थेट चिपच्या भाषेत स्वतः लिहून काढला. त्याला आणखी चार दिवस लागले. मधल्या काळात त्यांनी कंपायलरवाल्यांना कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं की आमच्या उत्पादनात असा दोष नाही, आपला प्रोग्राम तपासावा. मॅडमना त्याचा राग आला नाही, मीही हेच लिहिलं असतं म्हणाल्या. मग त्यांनी आमच्या भल्यामोठ्या प्रोग्राममधून एकेक गोष्ट सोलून काढत फक्त अकरा ओळी ठेवल्या, ज्यात चूक दर वेळी दिसायचीच, आणि त्या पाठवून दिल्या. हंगामाच्या शेवटाला त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं. दोष मान्य होता, आभार होते, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होणार होती. नितीनचं म्हणणं पडलं की आता रिवाजाप्रमाणे त्या परदेशी कंपनीने आपल्याला मिसळ द्यायला हवी, आणि तसं पत्र लिहिण्यापासून त्याला आवरावं लागलं.

पण हे उत्तर येण्याच्या बरंच आधी, नव्या चिपा तयार झाल्या त्या दिवशी, मॅडमनी आणखी एक पत्र लिहिलं होतं. ते पॅकहाउससाठी होतं, कंपनीच्या लेटरहेडवर. चुकलेल्या सर्व लेबलांचं कारण आमच्या यंत्रात होतं आणि श्रीमती कमल गांगुर्डे यांची त्यात काहीही चूक नव्हती, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. साहेबांनी ते वाचून बाजूला ठेवलं. त्यांचं म्हणणं, चिपा बदलून देतोय, काटे नीट चालतील, मग आपणच आपल्या हाताने दोष लिहून कशाला द्यायचा. उद्या हेच पत्र दुसरी कंपनी गावभर दाखवेल. वीस माणसांची पोटं त्या शेडवर होती, त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. मी तिथेच उभा होतो, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला साहेबांचंच पटत होतं. पत्र गेलं तर माझा फॉर्म खोटा ठरणार होता.

मॅडम बसल्या नाहीत. टेबलाच्या कडेवर हात ठेवून म्हणाल्या, "साहेब, कंपायलरवर आळ घ्यायच्या आधी आपण सात वेळा स्वतःची चूक शोधतो. त्या बाईवर घ्यायला आपल्याला वीस पेट्या पुरल्या."

साहेबांनी पत्र परत ओढून घेतलं. दोनदा वाचलं. एका ठिकाणी व्याकरण सुधारलं, त्यांना ती खोड होतीच, आणि सही केली.

त्या उन्हाळ्यात मॅडमच्या यजमानांची बदली झाली आणि त्या सटाण्याकडे गेल्या, तिथल्या तंत्रनिकेतनात शिकवायला लागल्या. फोन होत राहिले, अजून होतात. त्या सुखात आहेत, मुलं त्यांच्या हातून मोजून घ्यायला शिकताहेत. पण काम करताना मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पत्र घेऊन आम्ही दिंडोरीला गेलो त्या दिवशी.

चारही काट्यांत नव्या चिपा बसवून झाल्या. मॅडमनी बोरस्त्यांना सगळ्या बायकांना पाच मिनिटं बोलवायला सांगितलं. मग पत्र माझ्या हातात दिलं. तो फॉर्म तुमच्या हातचा होता, हे पण तुम्हीच वाचा, म्हणाल्या. मी वाचलं. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं. शेवटी मी माझ्या मनाने एक वाक्य जोडलं की त्या दिवशी मी चुकीचं लिहून दिलं आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं. बायका कमलबाईकडे बघत होत्या. बोरस्ते जमिनीकडे बघत होते, आणि मग तेच आधी बोलले, "कमल, काट्यावर जा."

कमलबाई लगेच हलली नाही. तिने मॅडमना विचारलं, "म्हंजी मी चुकलेच नव्हते?"

"नाही."

"येकदा बी नाय?"

"एकदाही नाही."

तिने पदर खोचला आणि तीन नंबरच्या काट्याशी जाऊन उभी राहिली. मॅडम तिच्या अगदी जवळ थांबल्या, येणारं प्रत्येक लेबल हातात घेऊन पेटीवरच्या नंबराशी ताडून बघायला. पहिल्या दहा-वीस पेट्या सावकाश गेल्या. मोरे, मोरे, पठाण, जाधव. मग हात सुटला. गांगुर्डेंच्या पेट्या आल्या, त्यांच्या आधीच्या पेटीवर जाधवच छापलं गेलं, त्यांच्यावर गांगुर्डे, नंतर पुन्हा पठाण. मॅडम एक लेबल वाचून होईतो पुढची दोन बाहेर पडलेली असायची. त्या वाकून, हात पुढे करून, ती पकडायची धडपड करत होत्या आणि पेट्यांच्या वाटेत येत होत्या.

कमलबाईने मान वर न करता, हात न थांबवता सांगितलं, "मॅडम, जरा बाजूला सरा. कामात अडचण व्हतीय."

मॅडम पटकन बाजूला सरल्या.